बांध पाहिला कोणी?

यंत्राने बातमी लिहावी की लिहू नये, यावर गोव्यातील मराठी वर्तुळांत सध्या जो वाद चालू आहे तो ऐकताना दोन्ही बाजू चुकीच्या जागी उभ्या राहून भांडत आहेत असे मला वाटते. एक बाजू म्हणते की यंत्राला मन नाही, संवेदना नाही, म्हणून त्याला बातमी लिहिता येणार नाही. दुसरी बाजू यंत्राने लिहिलेली एखादी बातमी पुढे ठेवते आणि विचारते की आपल्या उपसंपादकाने लिहिलेल्या बातमीत आणि हिच्यात काय फरक आहे ते दाखवा. बहुतेक वेळा तो दाखवता येत नाही, आणि तिथेच वाद संपला असे मानून मंडळी चहाला उठतात. माझे म्हणणे असे आहे की बातमीचे मोल तिच्या वाक्यरचनेत कधीच साठवलेले नव्हते. घटनेच्या जागी कोणीतरी जाऊन आले आहे आणि छापलेले खोटे निघाले तर जाब देणारे कोणीतरी आहे, या दोन गोष्टींवर वाचक विसंबत आला. यंत्राला लिहिता येते हे मी पहिल्याच परिच्छेदात मान्य करून टाकतो. त्याला जागेवर जाता येत नाही आणि त्याला जाब विचारता येत नाही, एवढ्यावरच माझा सगळा युक्तिवाद उभा आहे.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पणजीतील एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. एका सरकारी खात्याची प्रेसनोट आली: तिसवाडीतील एका गावचा खाजन बांध, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीभोवतीचा बांध, दुरुस्त करण्यात आला असून त्यामुळे खारे पाणी शेतात शिरण्याचा धोका टळला आहे. नोट इंग्रजीत होती. मी ती स्वच्छ मराठीत उतरवली, मथळा दिला, पान लागले, अंक निघाला. तीन दिवसांनी दुपारच्या वेळी एक वयस्कर शेतकरी कात्रण हातात घेऊन कार्यालयात आला आणि बातमी कोणी लिहिली ते विचारत माझ्या टेबलाशी पोहोचला. त्याने आवाज चढवला नाही. "बाब, तुमी तो बांद पळयला?" एवढेच त्याने विचारले. मी पाहिला नव्हता. खात्याच्या ज्या कारकुनाने नोट टंकलिखित केली त्यानेही तो बहुधा पाहिला नसावा. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा बांधाच्या एका टोकाला चिरे नुसते रचून ठेवलेले होते, मानस, म्हणजे बांधातले पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार, मोडलेलेच होते आणि भरतीचे पाणी रोपांत उभे होते. माझ्या बातमीत व्याकरणाची एकही चूक नव्हती. आज तीच नोट एखाद्या यंत्राला दिली तर ते तशीच निर्दोष बातमी काही सेकंदांत लिहून देईल, आणि ती तितकीच खोटी असेल.

म्हणून यंत्राबद्दल बोलण्याआधी आपल्याबद्दल बोलणे भाग आहे. यंत्राने आमचे काम हिरावले अशी तक्रार करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना मी विचारतो की त्याने नेमके कोणते काम हिरावले? प्रेसनोटचे भाषांतर, मंत्र्याच्या भाषणाचा गोषवारा, वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुराचे मराठीकरण, उद्घाटनाच्या छायाचित्राखालच्या चार ओळी. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपण वृत्तपत्राचा फार मोठा भाग अशाच मजकुराने भरत आलो आणि त्यालाच पत्रकारिता म्हणत आलो. यंत्र आज जे करून दाखवते आहे ते करण्याची सवय आपण माणसांना आधीच लावून ठेवली होती.

आता या तंत्राची खरी हकिगत पाहू, कारण तिच्याकडे न पाहताच बरेच बोलले जाते. १७ मार्च २०१४ रोजी पहाटे लॉस एंजेलिसला भूकंपाचा धक्का बसला, आणि तीनेक मिनिटांत 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या संकेतस्थळावर बातमी होती. ती 'क्वेकबॉट' नावाच्या एका लहानशा प्रणालीने लिहिली होती. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेकडून तीव्रता, ठिकाण आणि वेळ यांची सूचना आली की ती आकडे साच्यात बसवून मजकूर तयार करीत असे, आणि माणूस तो पाहून प्रसिद्ध करीत असे. त्याच वर्षी 'असोसिएटेड प्रेस' या वृत्तसंस्थेने कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या बातम्या यंत्राकडे सोपवायला सुरुवात केली. माणसे दर तिमाहीला सुमारे तीनशे कंपन्यांच्या बातम्या लिहीत होती, ती संख्या काही हजारांवर गेली, आणि चुकांचे प्रमाण माणसांच्या हातून होणाऱ्या चुकांपेक्षा कमी असल्याचे संस्थेनेच सांगितले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण यंत्र चुकते म्हणून ते नको हा युक्तिवाद इथेच कोसळतो. रात्री अकरा वाजता थकलेल्या उपसंपादकाच्या हातून लाखाचे कोटी झालेले मी पाहिले आहेत. साचा थकत नाही.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. जून ते सप्टेंबर या काळात गोव्यातल्या प्रत्येक दैनिकात पावसाची बातमी रोज असते. बाहेरच्या माणसाला गंमत वाटेल, पण इथला वाचक पाऊस अजूनही इंचांत मोजतो. मोसमी पावसाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एकशे अठरा इंचांच्या जवळपास असल्यामुळे पावसाने शंभरी गाठली की ती पहिल्या पानाची बातमी होते. वाळपई पुढे की सांगे पुढे, साळावली धरण कधी भरून वाहू लागले, अंजुण्याची पातळी किती, हे सर्व आकडे वेधशाळेकडून आणि जलस्रोत खात्याकडून येतात आणि दरवर्षी त्याच वाक्यांत छापले जातात. ही बातमी यंत्राने लिहायला माझी काहीच हरकत नाही. भरती-ओहोटीच्या वेळा, परीक्षांचे टक्केवारीनिहाय निकाल, क्रिकेटचे धावफलक, निवडणुकीच्या फेरीनिहाय मतांचे आकडे हेही त्याने खुशाल लिहावे, मात्र ते यंत्राने लिहिले आहे असे ठळकपणे छापून. या कामात बुद्धिमान तरुणांची वर्षे खर्च झाली याचे मला वाईट वाटते.

तरीही त्या भूकंपाच्या यंत्राची पुढची गोष्ट सांगायला हवी. जून २०१७ मध्ये त्याच 'क्वेकबॉट'च्या नावाने सांता बार्बराजवळ ६.८ तीव्रतेचा भूकंप झाल्याची बातमी गेली. असा भूकंप खरोखर झाला होता, पण १९२५ साली. त्या जुन्या भूकंपाच्या स्थानाची नोंद दुरुस्त करताना चुकीची तारीख असलेली सूचना बाहेर पडली आणि यंत्राने आपले काम चोख केले. बातमीत ६.८ चा भूकंप झाला असताना जमीन हललीच नाही हे कळण्यासाठी कोणाही माणसाला पत्रकारितेच्या शिक्षणाची गरज नव्हती. त्या परिसरात उभे असणे पुरेसे होते. साच्यावर चालणारे यंत्र स्वतःहून खोटे रचत नाही, पण त्याच्या हाती जे येते त्याच्या पलीकडे जग आहे हे त्याला ठाऊक नसते.

नंतर आलेली चॅटजीपीटीसारखी भाषिक प्रारूपे याहून वेगळ्या जातीची आहेत आणि दोन्हींची गल्लत करणे हा या वादातला मोठा घोळ आहे. साच्याच्या यंत्रात आकडा नसेल तर जागा रिकामी राहते. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेतील 'गॅनेट' समूहाच्या वृत्तपत्रात शालेय सामन्याच्या बातमीत संघाच्या टोपणनावाऐवजी साच्यातल्या त्या रिकाम्या जागेचे नावच छापून आले, आणि चूक निदान उघड दिसली. नवी प्रारूपे आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द ठरवतात. त्यांची रिकामी जागा कधीच रिकामी राहत नाही. खरे माहीत नसेल तर खऱ्यासारखे दिसणारे काहीतरी तिथे येऊन बसते. मे २०२५ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स'च्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचण्याच्या पंधरा पुस्तकांची यादी आली. लेखक खरे होते, पण पंधरापैकी दहा पुस्तके कोणी लिहिलेलीच नव्हती. इथे पत्रकाराने विचारायचा प्रश्न बदलतो. साच्याच्या यंत्राबाबत आकडा कोणी दिला हे विचारावे लागते, आणि या नव्या यंत्राबाबत मुळात कोणी काही दिले होते का, हेच विचारावे लागते. असे प्रमाद कालांतराने कमी होतील हेही मी गृहीत धरतो. उद्या ते शून्यावर आले तरी माझा मुद्दा तसाच राहतो, कारण माझ्या बांधाच्या बातमीत यंत्राची कसलीच चूक नव्हती.

तंत्र आले की पत्रकारिता आपोआप समृद्ध होते, असे मानणाऱ्यांनी आपल्याच भूमीचा इतिहास पाहावा. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. तो खरे तर अॅबिसिनियाला जायचा होता, पण इथेच राहिला. याच भूमीत १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण रोमी लिपीतल्या मराठीत छापले गेले. म्हणजे उर्वरित देशाच्या कितीतरी आधी आपल्याकडे यंत्र होते, छापण्याचे कौशल्य होते आणि छापलेली मराठीही होती. पण वृत्तपत्र? गोव्याचे पहिले वृत्तपत्र, 'गॅझेता दे गोवा', निघाले डिसेंबर १८२१ मध्ये. मधली २६५ वर्षे गेली. तोवर कलकत्त्याला १७८० पासून वृत्तपत्र निघत होते, आणि मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' अवघ्या दहा वर्षांच्या अंतरावर होते. या उशिराचे कारण शिसे, शाई किंवा कागद यांची टंचाई हे नव्हते. कोणी काय जाणून घ्यावे आणि कोणी कोणाला प्रश्न विचारावा हे ठरवणारी सत्ता वेगळी होती, आणि अठराव्या शतकाच्या मध्यात तर तिने छपाईच बंद पाडली. शिवाय १८२१ मध्ये आलेले ते पहिले पत्रही सरकारी होते. हुकूम, नेमणुका आणि सरकारला सांगावेसे वाटेल तेवढे त्यात छापले जाई. पहिले खाजगी वृत्तपत्र, 'ओ उल्त्रामार', मडगावात निघायला १८५९ उजाडावे लागले.

हा भेद मला आजच्या वादाचा गाभा वाटतो. केवळ अधिकृत आकड्यांवर आणि अधिकृत निवेदनांवर चालणारे बातमीयंत्र कितीही वेगवान असले तरी ते गॅझेटच तयार करते. ते खोटे बोलते असे नाही, त्याला सरकारच्या नोंदीबाहेर पाहण्याची सोय नसते. गोव्याच्या खनिज निर्यातीचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनची मागणी वाढली तशी इथून जाणाऱ्या लोहखनिजाची निर्यात वाढत गेली आणि दरवर्षी तिचे आकडे छापले गेले. टन, मूल्य, मागील वर्षाशी तुलना, टक्केवारी. यंत्रासाठी याहून सोयीची बातमी असणार नाही. मग सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला, खाणी थांबल्या, आणि एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गोव्यातील खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती आणि त्यानंतर खाणी थांबेपर्यंतचे खाणकाम बेकायदेशीर होते. जवळपास पाच वर्षे छापले गेलेले ते आकडे बेरजेने बरोबर असतील, पण ज्या खनिजाचे ते आकडे होते ते कायद्याच्या दृष्टीने काढताच येत नव्हते. ही गोष्ट आकड्यांच्या कोणत्याही रकान्यात नव्हती. शिरगावच्या आटलेल्या विहिरींत, शेतात उतरलेल्या लाल गाळात आणि पट्ट्याच्या कागदावरच्या तारखेत ती होती. ती पाहायला डिचोली आणि सांगे तालुक्यांत चालत जावे लागत होते, आणि नंतर जुने कागद घेऊन न्यायालयात बसावे लागत होते.

इथे प्रामाणिक प्रतिपक्ष मला अडवील, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल की त्या पाच वर्षांत माणसेच बातम्या लिहीत होती ना? मग त्यांतले किती जण विहिरींपर्यंत गेले? आणि जे गेले नाहीत त्यांच्यावर जाहिरातींचे दडपण नव्हते असे छातीठोकपणे कोण सांगेल? हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी वृत्तपत्रांत एकाच नेत्याची स्तुती करणारा शब्दशः एकच मजकूर वेगवेगळ्या वार्ताहरांच्या नावांनी आला होता, आणि पैसे घेऊन छापल्या जाणाऱ्या बातम्यांची चौकशी प्रेस कौन्सिलला करावी लागली. यंत्राला पाकीट देता येत नाही, ते नातेवाईक पाहत नाही, जात विचारत नाही, हा युक्तिवाद या पार्श्वभूमीवर कोणालाही मोहक वाटेल.

पण ते प्रकरण उघडकीस कसे आले ते आठवा. मजकूर एकच आहे हे एका पत्रकाराने अंक शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि स्वतःच्या नावाने लिहिले. ज्यांच्या नावे मजकूर छापला होता त्यांना विचारता आले, संपादकांना विचारता आले, चौकशी समितीला साक्षी घेता आल्या. माणसाची अप्रामाणिकता पकडता येते, याचे कारण तिला नाव असते. यंत्राचा पक्षपात त्याला काय पुरवले जाते यात असतो, आणि पुरवणारा दिसत नाही. उद्या एखाद्या खात्याने आपले आकडे थेट बातमीयंत्रात सोडण्याची सोय केली, तर पाकिटाची गरजच उरणार नाही. ज्या मंत्र्याला आज दहा वार्ताहरांची मनधरणी करावी लागते त्याचे काम एका संगणकीय जोडणीवर होईल. लाच न घेणारा लेखनिक आणि निःपक्षपाती साक्षीदार यांत जे अंतर आहे ते यंत्राच्या प्रामाणिकपणाचे कौतुक करताना नजरेआड होते.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो टाळण्याइतका हलका नाही. गोव्याची लोकसंख्या पंधरा लाखांच्या घरात, त्यात मराठी दैनिकांची गर्दी, कागद महाग, जाहिरात ऑनलाइन निघून गेलेली. काणकोण, सत्तरी किंवा पेडण्यातला गावचा वार्ताहर बातमीमागे मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनावर, शाळेतली नोकरी किंवा दुकान सांभाळून काम करतो. तो थकला की त्याच्या जागी दुसरा मिळत नाही. मग काहीच बातमी नसण्यापेक्षा यंत्राची बातमी बरी नाही का? ब्रिटनमध्ये प्रेस असोसिएशनने 'रडार' नावाचा जो उपक्रम चालवला तो याच पेचातून आला. तिथे सरकारी खुल्या माहितीतून शेकडो स्थानिक भागांसाठी एकाच विषयाच्या वेगवेगळ्या बातम्या तयार केल्या जात. मात्र कोणता विषय घ्यायचा, आकड्यांत बातमी कुठे आहे, साचा कसा लिहायचा हे सगळे पत्रकार ठरवत आणि यंत्र त्याच्या प्रती पाडत असे. असा उपयोग मला मान्य आहे. गोव्यातील १९१ पंचायतींच्या नळजोडण्यांचे किंवा शाळांतल्या पटसंख्येचे आकडे असे गावागावाला मिळाले तर मी त्याचे स्वागत करीन. माझा विरोध पुढच्या पायरीला आहे: पेडण्याचा वार्ताहर बंद करून पेडण्याची बातमी चालू ठेवण्याला. वाचकाला रोज सकाळी पेडणे डेटलाइनचा, म्हणजे सुरुवातीला 'पेडणे' असे ठिकाण छापलेला, मजकूर दिसत राहील आणि पेडण्यात आपले कोणी नाही हे त्याला वर्षानुवर्षे कळणारच नाही. कोरी जागा छापली असती तर निदान कोणीतरी विचारले असते.

खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, जुळवणाऱ्यांचे उदाहरण या वादात हमखास दिले जाते. संगणकावर पाने लागू लागली तेव्हा कंपोझिटर गेले, मुद्रितशोधकांची संख्या घटली, आणि वृत्तपत्रे तर टिकली. मग आता वार्ताहर गेले तर बिघडले कुठे, असा त्यातला सूर असतो. मी त्या माणसांबरोबर काम केले आहे. उलटी अक्षरे वाचत त्यांच्यातले कित्येक जण संपादकाची चूकही दाखवीत, आणि ते गेल्याने मराठी मजकुराची शुद्धता घसरली हे कोणत्याही अंकावरून दिसेल. तरीही उपमा लागू पडत नाही. कंपोझिटरचे काम वार्ताहराने आणलेली गोष्ट अक्षरांत बसवण्याचे होते. त्याच्या जागी यंत्र आल्याने गोष्ट आणणारा तसाच राहिला. आता ज्याला काढायचे म्हणता तो आणणारा आहे. मग गोष्ट कुठून येणार?

१९६७ च्या जनमत कौलाकडे पाहा. १६ जानेवारीला मतदान झाले. गोवा संघप्रदेश म्हणून वेगळा राहावा म्हणणाऱ्यांना १,७२,१९१ मते पडली, महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणणाऱ्यांना १,३८,१७०, फरक ३४,०२१. ही बातमी यंत्राला एका श्वासात लिहिता येईल आणि ती अचूक असेल. पण त्याआधीच्या काही महिन्यांत 'गोमन्तक' विलीनीकरणाची बाजू मांडत होता आणि 'राष्ट्रमत' त्याविरुद्ध उभा होता, दोन्ही मराठीत, दोन्हींचे वाचक एकाच बाजारात मासळी घेणारे. त्या लढ्यात मी कोणत्या बाजूचा आहे हे इथे महत्त्वाचे नाही. दोन्हीकडचे लोक गावोगाव फिरून आले होते, लोकांच्या भीती आणि आशा ऐकून त्यांनी लिहिले होते, आणि आपण लिहिले त्याचे मोल शेजाऱ्यांच्या रोषात आणि तुटलेल्या मैत्रीत मोजले होते. त्या मजकुरात अतिशयोक्ती होती, कडवटपणा होता, काही अन्यायही होता. पण हे आकडे ज्यातून निर्माण झाले ते सार्वजनिक मत त्याच मजकुरातून घडले. मोजणीनंतरचे लिहिणारे यंत्र मोजणीपूर्वीचा समाज घडवण्यात भाग घेऊ शकत नाही, कारण त्या निकालाने त्याचे काही बिघडत किंवा सुधारत नाही.

भाषेचा प्रश्न वेगळा काढायला हवा, कारण गोव्याच्या मराठीवर त्याचा घाव सर्वांत आधी बसणार आहे. यंत्रांची मराठी मुख्यतः पुणे-मुंबईच्या छापील मराठीवर आणि इंग्रजीतून आलेल्या भाषांतरांवर पोसलेली आहे. आपल्या मराठीत कोमुनिदाद (गावाची सामूहिक जमीनसंस्था) आहे, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) आहे, खाजन आहे, व्हाळ (ओढा) आहे. मानस म्हणजे खाजन बांधातील पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार, आणि मानशीची पावणी म्हणजे तिथल्या मासळीच्या हक्काचा जाहीर लिलाव. हे ज्याला ठाऊक नाही तो 'मानस फुटली' या बातमीचे काय करील? फार तर तो कोणाच्या तरी मनाची अवस्था वर्णन करील. शब्द शिकवता येतात हे खरे. चांगली प्रारूपे पुढेमागे हेही शिकतील. पण शिकायला आधी कोणीतरी हे शब्द मराठीत छापत राहिले पाहिजे, आणि ते छापतो तो मानशीपाशी जाऊन आलेला बातमीदार. प्रेसनोटमध्ये मानस नसते. तिथे 'जलनियंत्रण संरचना' असते, आणि पुढच्या पिढीच्या शेतकऱ्याने आपल्याच बांधाची बातमी वाचून ती कशाबद्दल आहे हे दुसऱ्याला विचारावे, अशी ती भाषा असते.

उत्तरदायित्वाचा मुद्दा मी शेवटी घेतो, कारण तो कायद्याच्या भाषेत आधीच लिहिलेला आहे आणि तरीही त्याकडे कोणी पाहत नाही. कोणत्याही दैनिकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: मुद्रक कोण, प्रकाशक कोण, कुठे छापले, संपादक कोण, आणि कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीस जबाबदार कोण. १८६७ च्या कायद्याने आलेली ही प्रथा २०२३ च्या नव्या नियतकालिक नोंदणी कायद्यानंतरही चालू आहे. इंग्रजांनी ती वृत्तपत्रांवर नजर ठेवण्यासाठी आणली यात शंका नाही. परंतु कालांतराने त्याच ओळीने वाचकाला एक पत्ता दिला. ज्याच्यावर अन्याय झाला तो तिथे जाऊ शकतो, जसा तो शेतकरी माझ्याकडे आला. पोर्तुगीज अमलात केप्यातून 'भारत' हे पत्र चालवणारे गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी आपल्या लिखाणापायी खटले सोसले. पत्राखाली त्यांचे नाव होते म्हणून ते त्यांना सोसता आले, आणि म्हणूनच त्या लिखाणाला वजन आले. यंत्राने लिहिलेल्या बातमीखाली 'डेस्क' किंवा 'ऑनलाइन टीम' असे लिहिण्याची जी पद्धत रूढ होते आहे ती या पत्त्याची पाटी काढून टाकते. माझी मागणी साधी आहे. यंत्राने तयार केलेल्या प्रत्येक मजकुराखाली तो यंत्राचा आहे हे, त्याची मूळ माहिती कोणाकडून आली हे, आणि तो तपासून सोडणाऱ्या माणसाचे नाव छापले जावे. असा माणूस नसेल तर तो मजकूर छापू नये.

यंत्राला दूर ठेवावे असे मी म्हणत नाही हे पुन्हा सांगतो, उलट त्याला आजवर आपण दिले नाही असे काम द्यावे असे म्हणतो. शासकीय राजपत्रात जमिनींच्या क्षेत्रबदलाच्या, म्हणजे शेतजमीन बांधकामाला खुली करण्यासारख्या बदलांच्या, अधिसूचना सर्वे क्रमांकांसह छापल्या जात. असे बदल करू देणारे नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले, तोवर किती भातशेती आणि किती डोंगरउतार त्या रकान्यांतून सरकले हे वाचायला बहुतेक वृत्तपत्रांकडे माणूस नव्हता. राजपत्राची शेकडो पाने वाचून कोणत्या गावातली कोणती जमीन बदलते आहे याची यादी रोज सकाळी संपादकाच्या टेबलावर ठेवण्याचे काम यंत्र उत्तम करील. त्या यादीतल्या सर्वे क्रमांकावर उभे राहून तिथे खरोखर भात उभे आहे की नाही, पाणथळ आहे की नाही, हे पाहणे मात्र माणसाकडेच राहील. पावसाच्या आणि धरणांच्या बातमीतून सुटलेला उपसंपादक नोकरीतून सुटावा असे मालकांना वाटत असेल, तर त्यांच्याशी भांडण्याची जागा ती आहे. संगणकाच्या बुद्धीविषयीचा वाद तिथे निरुपयोगी आहे. आपल्याकडे बहुतेक ग्रामसभा रविवारी सकाळी भरतात. सभागृहात सरपंचाला घाम फुटतो, माहितीच्या अधिकारात मिळवलेले कागद बाके ओलांडून पुढे सरकतात, कोणीतरी बांधाचा विषय काढतो. १९१ पंचायतींतल्या किती सभांना आपला बातमीदार मागच्या बाकावर वही घेऊन बसलेला असतो? प्रत्येक दैनिकाने यंत्रामुळे वाचलेली दोन माणसे पुढच्या रविवारपासून तिथे पाठवावीत, आणि जाताना त्यांनी वाटेतला बांध पाहून जावे.